नाताळच्या सुट्टीत तुमच्याकडे मुलांना कोणती कामं असतात?

ताराकंदील (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

डिसेंबर लागला की आमच्या शरणपूर रोडच्या भागात घरोघरी तारे दिसायला लागतात. शाळेत सांता येऊन चॉकलेटं वाटतो, कॉलेज रोडच्या दुकानांत कापसाचा बर्फ येतो, सोसायटीत सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघतात. मुलांना हे सगळं आवडतं आणि त्यात काही वावगं नाही. पण यात मुलं नुसती घेणारी असतात. सण मोठी माणसं उभा करतात आणि मुलं समोर बसून बघतात. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

आम्ही मराठी ख्रिस्ती, नाशकात चौथी पिढी. आमच्याकडे नाताळ म्हणजे फराळ: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे, रव्याचे लाडू. केक असतो, पण तो फराळानंतर. आई सांगते की तिच्या लहानपणी नानखटाईचं पीठ घरी मळायचं आणि पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायचे. रांगेत उभं राहायचं काम मुलांचं. ट्रेवर खडूने नाव लिहायचं कामही मुलांचं, कारण भट्टीतून निघाल्यावर कोणाचा ट्रे कोणता ते कळलं पाहिजे. करंजीची कड कातण्याने कापायची, शंकरपाळे एकमेकांपासून सोडवून कागदावर पसरायचे, ताऱ्याला खळ लावायची, डबे पोचवायचे. या कामांतूनच त्यांचा नाताळ सुरू व्हायचा.

आता आमच्या घरी असं आहे की प्रत्येक मुलाकडे एक काम पूर्णपणे त्याचं. ‘मदत कर’ म्हणायचं नाही, काम सोपवायचं. थोरला आठवीत आहे, तारा त्याचा. विकतचा चालत नाही. धाकटी तिसरीत आहे, तिच्याकडे डब्यांची यादी. कोणाकडे फराळ पोचवायचा, कोणाकडे अंड्याचं चालत नाही, कोणाला साखर नको, कोणाच्या घरी यंदा दुःख झालंय म्हणून तिथे डबा घेऊन आधी मोठ्यांनी जायचं, हे सगळं ती वहीत लिहिते. मागच्या नाताळात तिने स्वतःहून यादीत दोन नावं घातली: सोसायटीचे रात्रीचे वॉचमन काका आणि कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या मावशी. मावशींचं नाव आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलांच्या हाती काम दिलं की त्यांना माणसं दिसायला लागतात, असं माझं ठाम मत आहे.

रात्री घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी कॅरल पार्टी निघते तेव्हा मुलंही बरोबर असतात. पेटी, ढोलकी, टाळ आणि मराठी गीतं. थंडी कडाक्याची, कानटोप्या घालूनच बाहेर पडायचं. टॉर्च धरणं आणि पुढच्या घराची बेल वाजवणं हे लहानांचं काम. दार उघडणाऱ्या आजी-आजोबांचा चेहरा सगळ्यात आधी त्यांना दिसतो.

तुमच्याकडे कसं असतं? नाताळ पाळत नसाल तरी लिहा. कॉन्व्हेंटच्या मुलांना या दिवसांत मोठी सुट्टी असते, मराठी शाळांना बहुतेक पंचवीस तारखेचीच. एवढ्या वेळात मुलांबरोबर काय करता?

रविवार_कारंजा

छान धागा. आम्ही हिंदू, पण आमच्या वाड्यात एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं, त्यामुळे डिसेंबरातल्या करंज्या हा प्रकार मला नवा नाही. दिवाळीचा डबा आमच्याकडून जायचा आणि नाताळचा त्यांच्याकडून यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आजीची सक्त ताकीद. म्हणून त्यात या दिवसांत पेरू, बोरं किंवा हरभऱ्याचे घाटे घालून मी परत नेऊन द्यायचो. वाडा पाडून इमारत झाली, ते लोक नाशिकरोडला गेले. तरी डब्यांची ये-जा चालू आहे, आता माझी मुलगी नेते.

जेलरोडकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या घरी नाताळ गोठ्यापासून, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापासून, सुरू होतो. गोठा पूर्णपणे मुलांचा, मी फक्त वायरिंग बघतो.

थोडं तपशिलात लिहितो, कारण पाहणाऱ्याला वाटतं की बाजारातून मूर्ती आणून मांडल्या की झालं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिल्या रविवारी हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या मांडतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत जायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची, तो आनंदाचा रविवार. मेणबत्ती पेटवायची पाळी मुलांमध्ये फिरते आणि जो पेटवतो त्यानेच त्या दिवशी जेवणाआधी प्रार्थना म्हणायची.

नाताळच्या दोन आठवडे आधी मुलं पसरट ताटल्यांत माती घालून गहू आणि नाचणी पेरतात. नवरात्रात घटाभोवती उगवतं तसंच हे धान. रोज पाणी शिंपडायचं, ऊन दाखवायचं. चोवीस तारखेपर्यंत वीतभर हिरवं गवत होतं आणि तेच गोठ्याभोवतीचं कुरण. थंडी जास्त पडली की उगवण रेंगाळते, मग ताटल्या रात्री स्वयंपाकघरात.

गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावरच ठेवायची आणि ती ठेवण्याचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा. बाळ येशूला भेटायला निघालेले तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर. रोज थोडे थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. पंचवीस तारखेला सगळं संपलं असं आमच्या मुलांना कधी वाटतच नाही, कारण राजे अजून वाटेत असतात.

गोठा मांडायची ही पद्धत असीसीच्या संत फ्रान्सिसने लोकप्रिय केली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात त्याने खरा बैल आणि खरं गाढव आणून, गवत घातलेली गव्हाण मांडून नाताळ साजरा केला. ख्रिस्त गरिबाघरी जन्मला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हे सांगितल्यावर मुलांनी गोठ्यात चकचकीत कागद लावायचं सोडलं. आता पोतं, काटक्या आणि शेणाने सारवलेला पुठ्ठा. शेण आणायलाही तीच जातात.

कोणाला बघायचं असेल तर सेंट अ‍ॅन कॅथेड्रलचा गोठा बघायला सगळ्या धर्मांचे लोक मुलांना घेऊन येतात. आणि नाशिकरोडच्या बाल येशू मंदिराची यात्रा फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवार-रविवारी. तेव्हाही या.

मळेकरी_निफाड

आमच्याकडे नाताळ नसतो, पण सुट्टीत बहिणीची मुलं नाशिकहून मळ्यावर येतात म्हणून लिहितो. डिसेंबर म्हणजे द्राक्षवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), भुरी या बुरशीच्या रोगावर डोळा, आणि ढग आले की पोटात गोळा. पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबकचं पाणी सोडतो, नाहीतर मणी तडकतात.

मुलांना मी पहाटेच उठवतो. शेकोटीला पाचट-काटक्या घालणं त्यांचं काम. एक मूल एक शेकोटी, ती विझू द्यायची नाही. मग तिथेच वांगी भाजायची, हरभऱ्याचा हावळा करायचा. शहरातली मुलं पहिल्या दिवशी कुरकुरतात, दुसऱ्या दिवशी न उठवता हजर. द्राक्षाचा घड त्यांना वर्षभर फळवाल्याकडे दिसतो, त्यामागे कोण जागतं ते इथे दिसतं.

आणखी एक. इथून नांदूरमध्यमेश्वर जवळ आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. या दिवसांत बाहेरदेशीचे पक्षी आलेले असतात. मुलांना आणायचं असेल तर सकाळी लवकर आणा, दुर्बीण आणा आणि भडक कपडे घालू नका.

नाइटड्यूटी

मी नर्स. नाताळच्या रात्री वॉर्ड रिकामा ठेवता येत नाही, कोणीतरी लागतंच, आणि लहान मुलं असलेल्या मैत्रिणींना आलटून-पालटून सुट्टी मिळावी म्हणून आम्ही आपसांत पाळ्या ठरवतो. त्यामुळे काही वर्षं चोवीसची रात्र माझी दवाखान्यातच जाते.

जेलरोडकर, तुमचे वाटेतले राजे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडेही नाताळ एका दिवसात बसवत नाही. मी घरी येईन तो आमचा नाताळ. सकाळी ड्यूटी संपवून येते तेव्हा मुलांनी आणि सासूबाईंनी टेबल मांडून ठेवलेलं असतं. मुलगा चहा करतो, मुलगी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, येशूच्या जन्माचा, दुसरा अध्याय वाचते. मेंढपाळ रात्री जागून कळप राखत होते आणि बातमी पहिल्यांदा त्यांनाच मिळाली, तिथे आली की ती दर वेळी थांबते आणि माझ्याकडे बघते. मग आम्ही जेवतो आणि मी झोपते. भेटवस्तू संध्याकाळी.

ज्यांच्या घरी पोलिस, कंडक्टर, कंपनीत तिसरी पाळी करणारी माणसं आहेत, त्यांना एवढंच सांगेन की दिवस हलवा, पण तो ठरलेला असू द्या. मुलांना तारीख बदललेली चालते, अनिश्चितता चालत नाही.

खडकाळीचा_मित्र

थोडं वेगळं मत मांडतो. मुलांनी वर्षातून एकदा नुसतं घ्यावं, त्यात काय बिघडलं? आम्ही ख्रिस्ती नाही, पण मुलगी सांताला चिठ्ठी लिहिते, उशाशी मोजा ठेवते. सकाळी त्यात काहीतरी निघतं तेव्हा तिच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला फार मोलाचं वाटतं. अभ्यास, क्लास, स्पर्धा यांत मुलांना फुकट, काही न करता मिळालेली अशी एक तरी गोष्ट असू द्या की.

ताराकंदील

खडकाळीचा_मित्र, तुमचं म्हणणं पटतं. काही न करता मिळालेलं प्रेम हा तर नाताळचा गाभाच आहे, आमच्या उपदेशात दर वर्षी हेच सांगतात. मोजा जरूर ठेवा.

पण ज्याच्यावरून सांता आला त्या संत निकोलसाची गोष्ट मुलीला सांगून बघा. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं शहर होतं, तिथला तो चौथ्या शतकातला बिशप. आख्यायिका अशी की एका गरीब माणसाला तीन मुलींच्या लग्नासाठी पैसे नव्हते आणि निकोलसाने रात्री, कोणाला न कळता, त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. आमच्या घरी त्या दिवशी मुलं निकोलस होतात. कोणासाठी तरी गुपचूप काहीतरी करायचं आणि सांगायचं नाही. थोरल्याने एकदा शेजारच्या काकांची सायकल पुसून, हवा भरून ठेवली होती. काकांना अजून माहीत नाही. तुमची मुलगी मोज्यातलं घेईल आणि सहा तारखेला कोणाच्या तरी दाराशी काही ठेवूनही येईल. दोन्ही होऊ शकतं.

खडकाळीचा_मित्र

ही गोष्ट माहीत नव्हती. आजच सांगतो.

शरणपूरचे_आजोबा

धागा नातवाने वाचून दाखवला, उत्तर मी सांगतोय आणि तो टाइप करतोय. हेही कामच.

ताराकंदील, फराळ, तारा, गोठा सगळं करा. पण सुट्टीत मुलांना हाताला धरून आपल्या गावात फिरवा आणि गोष्टी सांगा. आमच्या शरणपूरचीच घ्या. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात ही वस्ती वसवली. त्या काळी हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडली जायची आणि त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे. त्यांतली कित्येक इथे, नाशकात, आणली गेली. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

त्यांतला एक जेकब वेनराइट. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनकडे मदतीला गेलेल्या माणसांत हा होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग चुमा, सुसी आणि बाकीच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत आपल्या नाशकात शिकलेला हा जेकब होता. पुढे इथले बरेच आफ्रिकन केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला जाऊन वसले.

हे मी नातवंडांना नाताळच्या दिवसांतच सांगतो. घरापासून तोडलेलं, जहाजात कोंबलेलं मूल इथे येऊन राहिलं, शिकलं. बेथलेहेमात जागा न मिळालेल्या कुटुंबाची गोष्ट आपण दर वर्षी वाचतो, तर आपल्या गावाने कोणाला जागा दिली हेही मुलांना ठाऊक असावं.

दुसरी गोष्ट गाण्यांची. कॅरल म्हणजे इंग्रजीच, असं मुलांना वाटू देऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीच्या चालीत जी गीतं रचली ती आपल्या मंडळीत अजून म्हणतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. नातवंडांना एक-एक गीत पाठ करायला द्या. पेटीवर बोटं मी फिरवतो, टाळ त्यांनी धरायचे. कॅरल पार्टी दाराशी आली की आत बसून ऐकायचं नाही, आपलं एक गीत त्यांना ऐकवायचं, मगच चहा.

रविवार_कारंजा

आजोबा, शरणपूर रोडने रोज जातो, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नातवाला शाबासकी द्या.

पुण्याची_सून

माहेर नाशिक, सासर पुणे. एक प्रश्न: लहानपणी मैत्रिणीकडे शिंपल्यासारखे छोटे गोड कुरकुरीत प्रकार खायचे, वर साखरेचा पाक. त्याला काय म्हणतात आणि मुलांना ते करता येतील का?

ओझर_टाउनशिप

ते कलकल. मुलांचा सगळ्यात आवडता प्रकार. आम्ही मूळचे गोव्याकडचे, वडील एचएएल या विमानं बनवणाऱ्या कंपनीत होते, म्हणून ओझरला वाढलो. टाउनशिपमध्ये देशभरातले लोक, एकेका नाताळात कितीतरी तऱ्हा खायला मिळायच्या.

अर्धा किलो मैदा, पाव वाटी बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे गरम तुपाचं मोहन. नारळाच्या दाट दुधात घट्ट मळायचं, साधारण एक वाटी लागतं, पण एकदम ओतू नका. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. मग बोराएवढ्या गोळ्या. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या, स्वच्छ धुतलेल्या फणीवर गोळी अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेने गुंडाळत सोडवायची. रेघा उठतात, शिंपला तयार. तळताना आच मध्यमच हवी, मोठी केली तर बाहेरून लाल आणि आतून कच्चं. वरून पाक घालायचा असेल तर एक वाटी साखरेचा पक्का पाक करा, उतरवून त्यात तळलेले कलकल टाकून साखर पांढरी होईपर्यंत हलवत राहा.

तळण आणि पाक मोठ्यांनीच करायचा. वळायचं काम मात्र सगळं मुलांचं. आमच्याकडे जमिनीवर चादर घालून सगळी चुलत-मावस भावंडं गोलात बसतात आणि तेव्हा टीव्ही, मोबाइल काहीही नाही. काही वाकडे होतात, काही जाड. तेही तळतो. मुलं ताटात आपापले शोधून खातात.

केकसाठी एक सूचना: नाशिकचा बेदाणा असताना बाहेरचं काही आणू नका. बेदाणे, खजूर, काजू संत्र्याच्या किंवा काळ्या द्राक्षाच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज ढवळायचं काम एका मुलाकडे द्या.

पुण्याची_सून

मनापासून आभार! शनिवारी करते. आणि ताराकंदील, तो घरचा तारा कसा करतात तेही सांगा ना.

ताराकंदील

थोरल्याला विचारून लिहिते, कारण ते खातं त्याचं. सारख्या लांबीच्या दहा बांबूच्या कामट्या, दोन-दोन फुटांच्या. पाच कामट्या एकमेकींवर टाकून पाच टोकांचा तारा, टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची. असे दोन. दोन्ही एकावर एक ठेवून बाहेरची टोकं टोकांना बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे, दोन ताऱ्यांच्या मध्ये चार-चार इंचांचे तुकडे अडकवायचे. तारा फुगतो. पतंगाचा कागद लावायचा. संक्रांत जवळ असल्यामुळे तो या दिवसांत बाजारात आलेला असतोच. खळ मैद्याची. मागची एक बाजू उघडी ठेवा, बल्ब तिथून जातो आणि एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापून कागद जळतो. कामट्यांच्या कडा मोठ्यांनी आधी घासून द्या, हातात कुसळं जातात.

आजोबा, तुमची गोष्ट आम्ही काल जेवताना वाचली. दोघांनाही शरणपूरला तुमच्याकडून ऐकायची आहे. तुम्हाला चालत असेल तर कॅरलच्या रात्री तुमच्या दाराशी येऊ, धाकटीने यादीत तुमचा डबा लिहिला आहे. साखर चालते का, ते तिला विचारायचंय.

शरणपूरचे_आजोबा

लाडू चालतील, पाकातलं नको. आणि येताना तुमचं गीत पाठ करून या.

नवी_आई_इंदिरानगर

सगळं वाचून काढलं. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याला काय काम देऊ?

जेलरोडकर

धान पेरा आणि त्याला पाणी शिंपडू द्या. जमीन पुसायची तयारी ठेवा.